रेशमी स्कार्फवरचं नाव

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. छपाईच्या टेबलावर रंगाचे थेंब सुकत जातात ना, तसे ते साचतात. एक दिवस खरवडायला बसलं की कळतं, केवढा थर झालाय! बालाघाटच्या आमच्या कापडछपाईच्या कारखान्यात माणसं तीनच. मालक वामनकाका, छपाई करणारे रामभाऊ आणि नक्षी काढणारा मी, नारायण. माझी शाळा सातवीतच सुटली. बोलायला लाजायचो, पण हात थांबत नसे.

*

भरवेलीच्या खाणीतल्या एका साहेबांच्या बाईंनी विलायती रेशमी स्कार्फ नमुन्याला आणला. कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही. डोक्याला बांधायच्या रुमालावरही चित्रकार नाव घालतो, हे मला ठाऊकच नव्हतं! तेव्हाच मनाशी ठरवलं, आपलंही नाव असं छापून यायला हवं.

आठ दिवसांनी बाई स्कार्फ न्यायला आल्या. रामभाऊ अभिमानानं म्हणाले, "कोपऱ्यातला दाग लय चिवट होता बाई. घासून घासून अर्धा काढला!"

*

माझी पहिली नक्षी म्हणजे मधोमध मोठा वाघ. बाईंनी स्कार्फ तिकोनी दुमडून बांधला. मुंडकं आत गेलं, डोक्यावर उरली शेपटी!

"वाघ कुठे गेला हो?" त्यांनी आरशात बघत विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "लाजला, बाईसाहेब. ज्यानं काढला त्याच्यावरच गेला!"

*

यापुढे बांधून बघितल्याशिवाय नक्षी दाखवायची नाही, असं ठरवलं. पण कोणत्या बाईला 'जरा डोकं द्या' म्हणणार? शेवटी मडकं पालथं घातलं आणि त्यालाच स्कार्फ बांधू लागलो. अशा दहा नक्ष्या बाद केल्या. रामभाऊ रोज सकाळी मडक्याला विचारायचे, "राम राम वैनी! नारायण तरास तं देत नाही न?"

एक दिवस मडकं माझ्या हातून फुटलं. रामभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "नांदवता नाही आली न बे तुले!"

*

लाल रंग पक्का आहे का, हे बघायला रामभाऊ ओला स्कार्फ डोक्याला बांधून सायकलनं भरवेलीला गेले. कपाळावर लाल ओघळ! लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. परतले ते डोक्याला पट्टी बांधूनच.

"लागलं नाही, तं पट्टी काहून?" काका ओरडले.

"कंपाउंडर इतक्या मायेनं बांधत होता, नाही कसं म्हणू?"

*

पुढची नक्षी बाईंना पसंत पडली. मोहाची फुलं, चारही कोपऱ्यांतून आत झुकलेली. कसाही दुमडा, फुलं दिसायचीच. मी कोपऱ्यात माझं नाव लिहिलं.

काका म्हणाले, "शाळेच्या रजिस्टरात टिकलं नाही तुझं नाव, रेशमावर टिकन?"

मी कागद गुंडाळला. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो, "नाव नाही, तं नक्षी नाही."

दोन दिवस टेबल कोरडं राहिलं. तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतः रंग कालवला. "लिव. पण बारीक लिव!"

*

त्यानंतर एकदा बैहरच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक अनोळखी बाई बसल्या होत्या. डोक्यावर माझी मोहाची फुलं, मानेमागच्या टोकावर माझं नाव! तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं ते वाचलं.

"ये नारायण कौन है, बहनजी?"

"मोठे चित्रकार होते."

"थे? गुजर गये क्या?"

"गेलेच असतील," बाई हळहळल्या. "जिवंत माणसाचं नाव कोण छापतं?"

मी जागेवरून उठलो. दांडा धरून बाईंना म्हणालो,

"हायेत न बाई. पुढच्या स्टॉपवर उतरून राह्यले!"