पाण्यातले देव

नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असे. राहायला बारामतीजवळ पिंपळीत. दर हिवाळ्यात एक धडा यायचा. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहायचो: देव सर्वशक्तिमान आहे. देव दयाळू आहे. जगात दुःख आहे. यांतली कुठलीही दोन धरली की तिसऱ्याची पंचाईत होते. मग त्यावरचं एक उत्तर सांगायचो: देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय, वाईट घडतं ते माणसाच्या निवडीनं. मुलं विचारायची, “सर, हे किती मार्कांना येतं?”

एका वर्षी तो धडा राहिला. धाकटा भाऊ बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होता. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉली बिघडून पडली होती. मागं दिवा नव्हता, साधा बाभळीचा फाटाही कुणी टाकला नव्हता.

त्याला दवाखान्यात नेलं आणि इकडं आईनं देव पाण्यात ठेवले. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आणि पितळेचा बाळकृष्ण तांब्याच्या पातेल्यात बुडवले. पोरगं बरं झालं की देव बाहेर, तोवर आत. सर्वशक्तिमानाला असं पातेल्यात कोंडता येतं, याचं घरात कुणालाच नवल वाटत नव्हतं. खरं तर त्या आठवड्यात मला तोच एक व्यवहारी उपाय वाटला.

भाऊ गेला. सुतकात देवांना हात लावायचा नसतो, म्हणून ते तसेच राहिले.

दशक्रियेची व्यवस्था चुलत्यांनी पाहिली. चुलत्यांना तालुक्यात ओळखी होत्या आणि त्या दिसायला हव्या होत्या. नदीकाठी मांडव पडला, कर्णे लागले. भावाला उभ्या जन्मात न भेटलेल्या पाचसहा पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. एकानं त्याचं नाव चुकीचं घेतलं आणि बाकीच्यांनी तेच पुढं चालवलं. मग महाराजांचं प्रवचन झालं. देवाच्या मर्जीवाचून झाडाचं पानही हलत नाही, असं ते म्हणाले. जाता जाता तरुणांनी गाड्या सावकाश चालवाव्यात, असंही म्हणाले. दोन्ही विधानांवर माणसांनी सारख्याच माना डोलावल्या. माझीही डोलली असावी. फार थकलो होतो.

तेरावा झाल्यावर चुलते म्हणाले, “वहिनी, आता देव काढा. घरात बरं दिसत न्हाय.”

“राहू द्या,” आई म्हणाली.

“देवावर रुसून कसं चालंल?”

“रुसले न्हाय. माझं काम झालं न्हाय, म्हणून ठेवलेत.”

यावर चुलत्यांच्या ओळखींचा काही उपयोग नव्हता.

देव पाण्यातच राहिले. उन्हाळा लागला. पाणी आटायचं, बुळबुळीत व्हायचं, म्हणून आई रोज सकाळी ते बदलायची आणि देव पुन्हा बुडवायची. शिक्षा चालू होती, पण पाणी ताजं होतं. पूर्वी ती पूजा आटपायची. आता तासभर पातेल्यापुढं बसून राहायची. जेवण मात्र तुटलं होतं. अर्धी भाकरी खाऊन उठायची. ती आता अशीच झिजत जाणार, अशी मला भीती वाटू लागली. पण देव नाहीच, हे तिला सांगून काय होणार होतं? मग ती भांडणार कुणाशी?

चैत्रात एके दुपारी ट्रॉलीचा ड्रायव्हर आला. विशीतला, एकटाच. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. म्हणाला, “देवाच्या मनात व्हतं, मावशी. आपल्या हातात काय हाय?”

“मग तू कशाला आलास?” आई म्हणाली. “त्यालाच धाडायचं.”

मग त्यानं सांगितलं. ॲक्सल तुटला होता. चाकांना दगड लावले. ट्रॅक्टरात कंदील होता, पण त्यात तेल नव्हतं. गाव जवळच होतं. “जावं म्हणलं, पर कटाळा केला. तितंच टेकलो, झोप लागली.”

मी आईकडं बघत होतो. ती उठली. मला वाटलं, त्याला हाकलणार. तिनं चहा ठेवला. त्याच्या हातात कप देऊन म्हणाली, “हे आधी सांगायचं. सारखं त्याचं नाव पुढं करू नगंस.”

तो गेल्यावर मला म्हणाली, “देव काढ बाहेर.”

“मी?”

“तूच. तुझं त्याच्याशी भांडण न्हाय.”

मी पातेल्यात हात घातला. टाक काळे पडले होते. एकेक काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसला. मास्तरकीची खोड जाईना, म्हणून विचारलं, “म्हणजे त्या पोराची चूक. देव सुटला?”

“सुटतोय कसा? ते पोरगं झोपलं व्हतं. हा जागा व्हता न्हवं? बघत बसला.”

“मग काढतीस कशाला?”

“पाण्यात त्याला ऐकू जात नसंल. मला बोलायचंय.”

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी देव्हाऱ्यापुढं बसून बोलू लागली. त्याला पूजा म्हणता आलं नसतं; काही शब्द तर मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते. मी अंथरुणात पडून ऐकायचो. बोलून झालं की ती दिवा लावायची आणि भाकरी थापायला बसायची. पहिली भाकरी ती स्वतः खायची.