एक उंचवटा, दोन रेणू

नलिनीताई उदगीरकर गेल्याचं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, कुसुममावशींनी, फोन करून कळवलं. सकाळची वेळ होती, प्रयोगशाळेत मी नुकतंच यंत्र सुरू करत होते. "झोपेतच गेली गं... त्रास नाही झाला काही," एवढंच त्या बोलल्या. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा गल्लीतली तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारी माणसं एकमेकांना वाट करून देत होती. आता महिना उलटलाय. रडू ओसरलं आणि मागे राहिली ती कृतज्ञताच, म्हणून हे लिहायला बसले.

मी पुण्याची. नवजात बाळांच्या रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या इथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तेव्हा हैदराबादेत ओळखीचं कुणी नव्हतं. नलिनीताई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि हौसेनं आमच्यासाठी प्रोग्राम लिहून द्यायला यायच्या. मराठी बोलणारी पोरगी आलीय म्हटल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला भाकरी आणि अंबाडीची भाजी खायला घरी नेलं, आणि जेवण झाल्यावर समोर बसवून म्हणाल्या, मला रसायनशास्त्र येत नाही, तुझं यंत्र काय करतं ते सांग. मी सांगितलं, की ते रक्तातल्या रेणूंना विद्युतभार देतं, वायूनं भरलेल्या नळीतून पळवतं आणि मग त्यांचं वजन करतं. वजन सारखं असलं तरी आटोपशीर रेणू लवकर पोचतो, ऐसपैस असलेला वायूला धडकत उशिरा येतो. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बेगम बाजारच्या गर्दीसारखंच की. कुसुमचं अन् माझं वजन एकच. पण ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालते, म्हणून मागं राहते." कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगते.

एकदा नामपल्लीतल्या एका जोडप्याच्या बाळाच्या रक्तात एक पदार्थ फार वाढलेला दिसला. प्रथिनांमधला एक घटक शरीराला पेलत नाही, असा दुर्मीळ आजार असला की तो तसा वाढतो. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून आईचं दूध थांबवून बाळाला खास पावडरचं दूध सुरू केलं. पक्कं निदान करणारी दुसरी तपासणी अजून व्हायची होती. बाळाची आई, फरहाना, आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायची आणि पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला विचारायची, "मेरे दूध में कुछ खराबी है क्या?"

यंत्रासोबत आलेल्या प्रोग्रामनं पडद्यावरच्या आलेखात त्या पदार्थाचा एकच गुळगुळीत उंचवटा काढला होता. नलिनीताईंनी मूळ आकडे मागून घेतले आणि स्वतःचा प्रोग्राम चालवला. त्या एका उंचवट्याखाली त्याला दोन सापडले, एकमेकांना चिकटलेले. मोठा थोडा आधी पोचणारा, लहान मागून येणारा. आजारात वाढणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात आमच्याकडे होता. मी तो यंत्रात घालून पाहिला, तर तो मागच्या लहान उंचवट्यावर जाऊन बसला. मोठा दुसऱ्याच कशाचा तरी होता! आईला बाळंतपणात औषधं कुठली दिली होती, हे नलिनीताईंनी मला विचारायला लावलं. फरहानाला जंतुसंसर्गासाठी गोळ्या सुरू होत्या, आणि त्या औषधापासून शरीरात नेमका तेवढ्याच वजनाचा पदार्थ तयार होतो, तो आईकडून बाळातही उतरतो.

मी व्हरांड्याकडे धावणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "माझा प्रोग्राम दोन आहेत म्हणतो. बाळ बरं आहे असं तो म्हणत नाही. ते डॉक्टरांना म्हणू दे." मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. आम्ही सगळं डॉक्टरांना कळवलं, त्यांनी दुसऱ्या तपासणीची घाई केली, आणि बाळ निरोगी निघालं. फरहाना त्याला पुन्हा अंगावर पाजू लागली. पुढे ती बाळाला घेऊन भेटायला आली, तेव्हा नलिनीताईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि नाव विचारलं. घरी परतताना रिक्षात मात्र त्या रडल्या. प्रोग्राम चुकला असता तर, हा विचार त्यांनी इतके दिवस एकटीनं सोसला होता.

पुढे तो प्रोग्राम त्यांनी मागेल त्याला फुकट दिला. त्यातली चूक कुणी दाखवली की त्यांना कौतुक झाल्यासारखा आनंद व्हायचा.

आमच्याकडे तो अजून रोज चालतो. जिथं निश्चित कळत नाही तिथं तो आकडा देतच नाही. पडद्यावर ताईंच्या हैदराबादी मराठीत एक ओळ उमटते: 'नक्की सांगता येईना. हल्लू परत बघा.' हल्लू म्हणजे सावकाश. ती ओळ इंग्रजीत करून टाकू, असं मध्यंतरी कुणीतरी सुचवलं, तर आमच्या प्रयोगशाळेतल्या स्वातीनं, जिची भाषा तेलुगू, नको म्हटलं. परवा एका नमुन्यावर ती ओळ आली. स्वातीनं ती आपल्या तेलुगू वळणानं मोठ्यानं वाचली... आणि खुर्ची मागे सारून तोच नमुना पुन्हा लावायला उठली.