‘पानी’चं कुलूप

आम्ही मनवेलपाड्याच्या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. माझं माहेर मिठागराकडचं. तिथे सगळे ‘पानी’ म्हणतात. बिल्डिंगमधल्या बायका त्यावर हसायच्या, म्हणून जिन्यात कोणी भेटलं तर मी नुसती मान हलवायची.

लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मोबाईलवरून गुप्त निरोप पाठवायचा, असा तिचा प्रोजेक्ट. एका संध्याकाळी म्हणाली, “लायब्ररी जोडायची राहिलीय.”

“मग जा की लवकर, बंद होईल.”

ती हसली. “पुस्तकांची नाही गं. निरोपाला कुलूप लावायचं काम कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. ते माझ्या प्रोजेक्टमध्ये जोडायचं.”

“म्हणजे आयतं?”

“तू जोडून बघ, मग सांग आयतं की काय ते.”

खरंच, त्या जोडण्यातच तिचे कितीतरी दिवस गेले. कधी फोन म्हणायचा जागा नाही, कधी प्रोजेक्ट सुरूच व्हायचा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठे ते जागेवर बसलं. तिने तिच्या बाबांचा फोन माझ्या हातात दिला. दोन्ही फोनवर एकच परवलीचा शब्द टाकला, तरच निरोप उघडणार होता. तेवढ्यात नळाला धार आली. “पाणी हाच शब्द टाक,” म्हणत ती बादली लावायला धावली. मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर शोधून दाबलं.

निरोप आला, पण उघडेना. तिने पुन्हा पाठवला, तरी तेच. तिचा चेहरा उतरला. “लायब्ररीच चुकीची बसलीय. काढून टाकते.”

मी भीत भीत फोन पुढे केला. “माझंच काही चुकलं का बघ.”

तिने पाहिलं. मी ‘पानी’ लिहिलं होतं, बोलते तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती टाळ्याच वाजवायला लागली.

“एका अक्षराचा फरक, तरी उघडलं नाही, आई. म्हणजे कुलूप पक्कं बसलंय.”

तिने आपल्या फोनवरचा ‘ण’ पुसून ‘न’ केला आणि निरोप परत पाठवला. या वेळी उघडला. ‘आई, चहा टाक.’

दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे तिने आधी ‘पाणी’ टाकलं, उघडलं नाही. मग ‘पानी’ टाकलं.

“हे कुठलं शुद्धलेखन?” त्यांनी विचारलं.

“माझ्या आईचं,” ती म्हणाली. प्रोजेक्ट पास झाला.

घरी येऊन तिने हे सांगितलं, त्याच संध्याकाळी शेजारणीने जिन्यात विचारलं, नळ आला का. “आलंय पानी,” मी म्हटलं. ती हसली की नाही, ते बघायला थांबले नाही.