जुन्या अँबॅसिडरसाठी दोन जामीनदार

माझ्या वडिलांनी आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती होती एक पांढरी अँबॅसिडर. काशी मागितली असती तर नेलं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन मागितलं असतं तर दोन्ही डोळ्यांचं करून आणलं असतं. पण मागितली ती मोटार, तीही माझ्यापेक्षा वयानं थोरली.

दादा, म्हणजे माझे वडील, लातूरला एका डॉक्टरसाहेबांकडं ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी ती एकच गाडी चालवली. आम्हा भावंडांना मात्र तिच्यात कधी बसवलं नाही. मालकाची गाडी, आपण हात लावायचा तो पुसायपुरता, असं म्हणायचे. मी डी.एड.च्या पेपरला तापानं फणफणत एसटीत उभी राहून गेले, आणि त्याच रस्त्यानं दादा रिकामी गाडी घेऊन पुढं गेले. मी खिडकीतून बघितलं. तेव्हा आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

म्हातारपणी ते नांदेडला माझ्याकडं राहायला आले. डॉक्टरसाहेब वारले. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो, त्याचा या उन्हाळ्यात फोन आला. "मामा, लातूरचं घर विकून राहिलो. गाडीला हैदराबादची पार्टी आहे, लग्नाच्या फोटोसाठी जुन्या गाड्या लागतात त्यांना. पण पहिला मान तुमचा. पावणेदोन लाखाला तुम्ही घेणार असाल तर महिनाभर थांबतो."

दादांनी फोन छातीला धरला आणि माझ्याकडं बघितलं. "घेऊ का गं माय?"

"आता काय करायची दादा गाडी?"

"तुम्हाला बसवीन की," ते म्हणाले. "तुला, लेकरांला. नायगावला मावशीकडं जाऊन येऊ."

मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लेकीला गाडीत बसवायचं म्हणतोय.

सोनं मोडायचा प्रश्नच नव्हता, ते मुलाच्या क्लासच्या फीसाठी आधीच गहाण पडलं होतं. आमच्या ह्यांच्या दुकानावर कर्ज होतंच. राहिले मी आणि माझी पगाराची स्लिप. ती घेऊन बँकेत गेले. तिथला साहेब पोरगेलासा, बोलायला गोड. त्यानं गाडीचं साल विचारलं, कॉम्प्युटरवर खाली खाली गेला आणि थांबला. "मॅडम, एवढं जुनं साल यात येतच नाही. कागदावर या गाडीची किंमत शून्य आहे." मग म्हणाला, नवी घ्या, आठ लाख परवा देतो. मला हसावं का रडावं कळेना. पावणेदोन लाख फेडायची माझी ऐपत नाही, आणि आठ लाख फेडायची आहे, हा कुठला हिशोब? मी म्हटलं, बरं, गाडीवर नको, पगारावर द्या. त्यानं माझा स्कोअर काढला आणि त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही कुणाला जामीन राहिलात का?"

राहिले होते ना. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतले एक सर, भोकरकडचे, मधल्या सुट्टीत कर्जाचा फॉर्म घेऊन आले. मी डबा खात होते. "ताई, नुसती सही हाय, नावापुरती." आमच्याकडं शिक्षकांत हे असंच चालतं. आज मी तुझ्या फॉर्मवर, उद्या तू माझ्या. न वाचता सही करणं हीच माणुसकी समजतात. वाचायला लागलं तर समोरच्याला वाटतं, हिचा विश्वास नाही. मी भाजीचा हात पुसला आणि भिडेपोटी सही केली. सरांनी वर्षभर हप्ते भरले, मग बदली करून घेतली, मग फोन उचलणं बंद केलं. पुढचे हप्ते थकले आणि त्याचा डाग माझ्या नावावर लागला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्या दिवशी बँकेतल्या खुर्चीवर बसून कळलं. अशी चीड आली की ते सर समोर असते तर मी त्यांना पट्टीनं हाणलं असतं, चौथीतल्या पोरासारखं.

शेवटची आशा म्हणजे आमची शिक्षकांची पतसंस्था. ती कर्ज द्यायला तयार झाली, पण दोन जामीनदार आणा म्हणाली. दोन सह्या. वीस वर्षांची नोकरी, सगळ्या गावभर ओळखी, मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट. आमच्या मुख्याध्यापकांनी सही केली, निवृत्तीला दोन महिने राहिलेले, म्हणून ती चालली नाही. एकानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि मी दिसले की मोबाईल कानाला लावू लागला. मग मी माझ्या मैत्रिणीकडं गेले. शेजारच्याच वर्गावर असते, बाळंतपणात तिचा वर्ग मीच सांभाळलेला. तिनं फॉर्म हातात घेतला, पूर्ण वाचला, पाठपोट वाचला, आणि परत दिला.

"नाही जमणार गं. राग धरू नको."

मी वर्गात येऊन फळा पुसत बसले. राग तिचा नव्हताच. चार वर्षांपूर्वी मला जे जमलं नाही, ते तिला जमलं होतं.

दादांना सगळं कळत होतं, मी सांगितलं नसलं तरी. एके दिवशी चहा पिताना म्हणाले, "मी होतो की जामीन." मी म्हटलं, दादा, जामीनदाराला पगार लागतो, पेन्शन लागते. "डॉक्टरसाहेबांची तिजोरीची चावी माझ्यापाशी राहायची," ते म्हणाले. पतसंस्थेच्या फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. मला इतकं लाचार कधीच वाटलं नव्हतं.

महिना संपला. फोनवर 'नाही' म्हणून कळवलं असतं तरी चाललं असतं, पण दादा म्हणाले, मान दिला होता त्यानं, तोंडावर जाऊन सांगू. लातूरला पोचलो तेव्हा फाटकात ट्रक उभा होता आणि हैदराबादची दोन माणसं फळ्या लावून बसली होती. गाडी त्यांना चढवता येत नव्हती. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, तो त्यांनी कधी धरलेलाच नाही. दोनदा बंद पडली, एकदा फळीवरून घसरली.

"मामा, तुम्हीच बघता का जरा?" साहेबांचा मुलगा म्हणाला.

मला वाटलं, दादा नाही म्हणतील. नाही म्हणा दादा, असं मी मनात म्हणत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत बसले, चोक ओढला, एका दमात गाडी सुरू झाली. आरशात बघितलं, आरसा जरासा सरळ केला आणि सावकाश, एकही धक्का न देता, गाडी फळ्यांवरून ट्रकात नेऊन उभी केली. हँडब्रेक लावला. खिशातला रुमाल काढून स्टेअरिंग पुसलं. मी खाली उभी होते, काही करता येत नव्हतं.

दादा उतरल्यावर हैदराबादच्या त्या दोघांतल्या एकानं दोनशेची नोट पुढं केली. "चाचा, चाय-पानी." आणि माझ्या वडिलांनी ती घेतली. कपाळाला लावून घेतली, साहेबांकडून घ्यायचे तशी.

ट्रक गेल्यावर आम्ही बसस्टँडपर्यंत चालत आलो. दादांनी नोट माझ्या हातात कोंबली.

"दोघांच्या तिकिटाचं निघालं बघ," ते म्हणाले.

पंच्याहत्तरीच्या वर त्यांना एसटीत तिकीट लागत नाही. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"निघालं दादा," मी म्हटलं.