बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

कापड कापण्यात शिंपी मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बघूनच सांगायचे, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पिशवी हात बदलून धरत जा." असला कारागीर तीन महिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढी नाही, अंघोळ नाही. बायकोनं ताट पुढ्यात सरकवलं की म्हणायचे, "कुणासाठी जेवू?" लोक म्हणाले, अंगात आळस मुरलाय.

मग एके सकाळी उठले ते धडधडत. झोप दोन तासांची, तोंडाचा पट्टा अखंड, गावात चार दुकानं टाकायच्या गोष्टी. बायको हरखली, माणूस बरा झाला म्हणून तिनंच कात्री हातात दिली. मास्तरांनी शाळेच्या पन्नास चड्ड्यांचं कापड थरावर थर रचलं आणि मापांची वही कोपऱ्यात भिरकावली. "वही कशाला? पोरं डोळ्यांपुढं उभी आहेत माझ्या!" चड्ड्या झाल्या, पण एकाही पोराला होईनात. कापलेलं कापड काही परत जुळत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?"

"याच्या बापाला," मास्तरांची आई म्हणाली. "कधी रस्त्यानं गात फिरायचा, कधी महिना महिना दार लावून बसायचा. आम्ही म्हणायचो, लहरी आहे मेला."

"लहर नाही आजी, आजार आहे. बायपोलर म्हणतात. मन कधी उतू जातं, कधी तळाला बसतं. रक्तातून येऊ शकतो, पण घरात सगळ्यांनाच होतो असं नाही. कधी जागरणानं उसळतो, कधी एखाद्या धक्क्यानं. एकच एक कारण मलाही सांगता यायचं नाही."

गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर मास्तर माणसात होते. मग एक दिवस पांढरं बटण शोधताना बायकोला बटणांच्या डब्यात बावीस पांढऱ्या गोळ्या सापडल्या. मास्तर दोन दिवसांपासून गुणगुणत होते.

"अहो, हे काय?"

"गोळीनं हात लटपटतो गं. खडूची रेघ वाकडी जाते. शिंप्याची रेघच गेली, मग राहिलं काय?"

"आणि गोळी सोडली की पन्नास चड्ड्या!"

मास्तर हसले. हसतच राहिले, थांबेनात. बायकोनं कात्री उचलून कमरेला खोचली आणि त्यांना तसंच दवाखान्यात नेलं.

"हात थरथरतो हे मला सांगायचं होतं," डॉक्टरीणबाई चिडल्या. "औषध कमी-जास्त करता येतं. परस्पर सोडायचं नसतं, मास्तर."

औषध बदललं, डोकं थाऱ्यावर आलं. थरथर कमी झाली, गेली मात्र नाही. आता मापं मास्तर घेतात, रेघ बायको मारते, कापतेही तीच. तिचा हात बरा आहे, पण मास्तरांसारखा नाही. गिऱ्हाइकांना ते कळतं, मास्तरांना तर कळतंच.

तिची कात्री कापडावर करकर चालायला लागली की ते मशीन जोरात हाणतात. कधी कधी सुईत दोराही नसतो.