ढगळ चिलखत

वाळूजला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक काका असत. एके काळी ते इतके पीत, की हर्सूलचा तलाव दारूचा असता तर उन्हाळ्याआधीच आटला असता. दारू सोडून ते चर्चला जाऊ लागले, तरी आम्ही टोचायचोच, "काका, किती दिवस टिकणार हे?" ते छातीवर थाप मारून हसत, "देवाच्या नीतिमत्त्वाचं चिलखत घातलंय!"

एकदा बस नेमकी त्यांच्या जुन्या गुत्त्यासमोर बंद पडली. सारी बस खिडक्यांना चिकटली. काका उतरले, गुत्त्याकडं पाठ केली आणि बसला धक्का मारू लागले.

"काका, एवढं पुण्य आणलं कुठून?" मी ओरडलो.

"माझं कुठलं? माझं रुमालाएवढंच भरलं असतं. हे देवाचं हाय, लई ढगळ. ये, शीर आत. पण आधी धक्का मार!"