येल्गावाच्या बाईंचं दार

कॉव्हेंट्रीतल्या ज्या केअर होममध्ये माझी आई राहते, तिथे प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी काचेची छोटी पेटी असते. विसरायला लागलेल्या माणसांना आपली खोली ओळखता यावी म्हणून तिच्यात त्यांच्या आयुष्यातल्या वस्तू मांडतात. माझ्या साताऱ्याच्या आईच्या पेटीत मॅनेजरबाईंनी ताजमहाल ठेवला होता. आईनं जन्मात आग्रा पाहिलेलं नाही! मी एवढी भडकले की त्याच दिवशी तो तिथून हलला.

शेजारच्या खोलीत लॅटव्हियाच्या, नव्वदीच्या एक बाई राहतात. दुसऱ्या महायुद्धात लहानपणीच देश सुटला आणि पुढे सगळं आयुष्य इंग्लंडमध्ये गेलं. त्यांची पेटी रिकामीच होती. मला वाईट वाटलं. चॅरिटी शॉपमध्ये एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या लाकडी बाहुल्या दिसल्या, डोक्याला रुमाल, गाल लाल. तिकडच्याच असणार म्हणून मी त्या घेतल्या आणि कुणाला न विचारता पेटीत मांडल्या. वर स्वतःवर खूशही झाले.

तीन दिवसांनी, रविवारी गेले, तर बाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या. तीन दिवस झाले, खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. कुणी हात धरून न्यायला लागलं की किंचाळायच्या. रात्री लाउंजमधल्या खुर्चीत झोपायच्या.

"चॅलेंजिंग बिहेविअर आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "उद्या असेसमेंट करून त्यांना वरच्या लॉक्ड फ्लोअरवर शिफ्ट करणार."

माझं डोकंच फिरलं. "अहो, नव्वद वर्षांचं माणूस नाही म्हणतंय, तर काही कारण असेल ना! विचारलंत का कुणी?"

तेवढ्यात बाईंची मुलगी आली. पेटीकडे लक्ष जाताच थबकली. "या रशियन बाहुल्या इथे कुणी ठेवल्या?"

मग तिनंच सांगितलं. बाईंचं गाव येल्गावा. नदीकाठी मोठा राजवाडा, एके काळी ड्यूकांची राजधानी, गल्ल्यांत लाकडी घरं. सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा एक रशियन अधिकारी यांच्याच घरात राहायला घुसला आणि घरचे सगळे एका खोलीत कोंबले गेले. पुढे जर्मन आणि सोव्हिएत फौजांच्या लढाईत जवळजवळ सगळं शहर जळालं. जुन्या चर्चचा तेवढा मनोरा उरला. "आईला वाटतंय, आत पुन्हा कुणीतरी राहायला आलंय," मुलगी म्हणाली.

"पण रशिया काय, लॅटव्हिया काय, सगळं तिकडचंच ना?" मॅनेजरबाईंनी खांदे उडवले.

त्यांच्यावर तुटून पडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाहुल्या घेताना मीही हेच म्हणाले होते, फक्त मनातल्या मनात. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"बाहुल्या मी ठेवल्या," मी म्हणाले. "तुमच्या रिपोर्टमध्ये तसं लिहा. माझं नाव घालून लिहा. आणि ते असेसमेंट कॅन्सल करा."

मी पेटी उघडून बाहुल्या पर्समध्ये कोंबल्या. बाई भिंत धरत धरत दारापाशी आल्या. रिकाम्या काचेत त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग आत डोकावल्या आणि माझी बाही धरून हळूच विचारलं, "गेले ते?"

"हो, गेले," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि माझे आभार मानले.